एका दिवशी एकच नख

फरशीवर चालताना कुत्र्याच्या नखांची टकटक ऐकू येऊ लागली, की नखं वाढली असं समजा. वाढलेलं नख दर पावलाला बोटाला मागे रेटतं आणि कुत्रा पंजा वाकडा टाकू लागतो. म्हाताऱ्या, सांधे धरलेल्या कुत्र्याचे यात फार हाल होतात. आतल्या बाजूच्या अंगठ्याचं नख तर जमिनीला टेकतच नाही. ते झिजत नाही, गोल वळून कातडीत रुततं.

“डॉक्टर, चौघांनी धरलं तरी आवरत नाही,” अशी तक्रार घेऊन लोक येतात. चौघं धरतात म्हणूनच तो आवरत नाही! प्रत्येक झटापटीतून तो एवढंच शिकतो, की कटर दिसला की जिवावर बेततं. पिशवीत टांगून नखं कापण्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्यातला शांत दिसणारा कुत्रा पुष्कळदा भीतीने थिजलेला असतो.

सुरुवातीचे काही दिवस कटरला हातच लावू नका. पंजाला क्षणभर स्पर्श करा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. आधी स्पर्श, मग खाऊ. हा क्रम उलटला, तर खाऊ दिसताच तो पलंगाखाली पळेल. पाय मागे घेतला तर सोडून द्या. पुढे कटर नुसता शेजारी ठेवा, मग त्याने एखादी काडी कापून आवाज ऐकवा. तेही अंगवळणी पडलं, की एका नखाचं टोक कापा आणि त्या दिवसापुरतं थांबा. बहुतेक कुत्र्यांना 18 नखं असतात. ती एका बैठकीत कापायची सक्ती कोणी केलीय?

ओठ चाटणं, जांभया, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं ही चिन्हं दिसली की आवरतं घ्या. गुरगुरला म्हणून रागावू नका. गुरगुरणं दाबलं, तर पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावेल.

कापताना पाय बाजूला ओढू नका, नुसता मागे दुमडा. पांढऱ्या नखात गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते. त्याच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे थांबा. काळ्या नखाच्या पातळ चकत्या काढत जा. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की बस्स. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर लावून 5 मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. तरीही थांबेना तर दवाखाना गाठा. नुकताच गोचीड ताप होऊन गेला असेल तर वाटच बघू नका, कारण त्यात प्लेटलेट्स घटतात.

कटर सोसतच नसेल, तर फळीला सँडपेपर चिकटवून त्यावर पंजे घासायला शिकवा. पुढची नखं त्याची तोच झिजवतो.

घरातली झोपेची गोळी, पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन मात्र कदापि देऊ नका. भीती फारच असेल, तर येण्याआधी घरीच द्यायचं औषध आम्ही तपासून लिहून देतो. आजवर कापू देणारा कुत्रा अचानक पाय ओढू लागला, तर आधी तो पाय दुखतोय का ते तपासून घ्या. आणि तुम्हाला दात लागलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, कुत्रा घरचा असला तरी.