प्रतिमांचे दप्तर

एम.आर.आय. तपासणीत डोके काही मिलिमीटर हलले तरी मेंदूची प्रतिमा धूसर होते. या हालचालीचा परिणाम अभ्यासताना एकाच व्यक्तीच्या स्थिर व हलत्या अवस्थेतील प्रतिमा ताडून पाहतात. त्यांची अदलाबदल झाली, तर निष्कर्षच उलटा निघेल. म्हणून प्रतिमांइतकेच त्यांच्या दप्तराला महत्त्व आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेली 'बिड्स' ही अशा दप्तराची पद्धती होय. प्रत्येक व्यक्तीस क्रमांक, त्याखाली भेटीचा कप्पा, त्यात प्रतिमेच्या प्रकाराचा कप्पा. व्यक्ती, भेट व कृती फाईलच्या नावातच येतात. यंत्राची मापे सोबतच्या फाईलीत असतात. मूळ प्रती तशाच राखून सुधारलेल्या निराळ्या ठेवतात.

गट क्रमांकावरून सातबारा सापडावा, तसेच हे. भेद एकच, पण मोठा: सातबाऱ्यावर नाव हवेच, येथे ते नको. यंत्रातून निघणाऱ्या 'डायकॉम' फाईलीत रुग्णाचे नाव, जन्मतारीख असू शकते. ती काढूनच प्रती इतरांस द्यावयाच्या. प्रतिमेवरून चेहराही उभा करता येतो, म्हणून तो भागही पुसतात.

सोनईत आमच्या घरी सातबारा, पावत्या, दाखले एकाच पत्र्याच्या पेटीत असतात. हवा तो कागद फक्त वडिलांना सापडतो. संशोधनाचे दप्तर असे एकाच्या आठवणीवर चालत नाही. उद्या येणाऱ्या अनोळखी अभ्यासकालाही त्यातील कागद सापडला पाहिजे.