सागरी मासेमारीसाठी जुनी होडी : निवड आणि पारख

पैठण समुद्रापासून दूर असले तरी समुद्राशी त्याचे नाते प्राचीन आहे. या नगरीत राजधानी असलेल्या सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आढळते. आज त्याच पैठणजवळ जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरलेला आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जलाशयाच्या काठावरील मच्छीमार लहान होड्यांतून रोहू, कटला, मृगळ पकडतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाचकाला होडीचा परिचय होतो तो येथेच. परंतु गोड्या पाण्यातील होडीचे निकष समुद्रावरील होडीला लावले तर फसगत होण्याचा संभव असतो.

खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने गंजते. दोन वेगळ्या धातूंचे भाग पाण्याखाली एकमेकांस लागून असतील, तर त्यांतील एक दुसऱ्यापायी झिजत जातो. म्हणूनच सुकाणूजवळ व पंख्याजवळ जस्ताचे तुकडे बसवितात. ते आधी झिजतात आणि मुख्य भाग वाचतात. शिवाय समुद्रात लाकूड पोखरणारा एक मृदुकाय जीव असतो. तो बारीक छिद्रातून आत शिरतो व आतल्या आत लांब बोगदे करतो. वरून फळी शाबूत दिसते आणि आत तिची चाळणी झालेली असते. नाथसागरातील होडीला ही भीती नाही.

कोकण किनाऱ्यावर जुनी होडी घेणारा बहुधा दुसऱ्याच्या नौकेवर काही वर्षे खलाशी म्हणून राबलेला तरुण असतो. मासळीच्या उत्पन्नातून खलाशांच्या वाट्यांबरोबरच होडीचा व जाळ्याचा वाटाही निघतो आणि तो मालकाकडे जातो. हा वाटा आपल्या घरी यावा, ही त्याची रास्त आकांक्षा असते. नवी नौका आवाक्याबाहेर असल्याने तो जुनीकडे वळतो. त्यात घरातील दागिने, सोसायटीचे कर्ज आणि नातेवाइकांची उसनवारी असे सारेच गुंतते. ही होडी पहिल्याच हंगामात निकामी ठरली, तर तो पुन्हा खलाशी होतो आणि वर कर्जदारही.

होडी पाहण्यापूर्वी ती कोठे उभी राहणार, हे पाहावे. मुंबईच्या उत्तरेकडे भरती-ओहोटीतील अंतर मोठे आहे. तेथील अनेक खाड्यांत नौका भरतीच्या वेळीच आत-बाहेर करता येते. सिंधुदुर्गात हे अंतर पुष्कळच कमी आहे. ज्या गावाला बंदर नाही आणि होडी वाळूवर ओढून घ्यावी लागते, तेथे जड नौका स्वस्तात मिळाली तरी ती ओढायला रोज माणसे कोठून आणणार? मासेमारीची पद्धतही लक्षात घ्यावी लागते. उत्तर किनाऱ्यावर बोंबिलासाठी डोल जाळे लावणाऱ्या नौकेची ठेवण आणि दक्षिणेकडे सुरमई, बांगड्यासाठी तरती जाळी सोडणाऱ्या होडीची ठेवण एक नसते. वसईकडील नौका मालवणला कमी किमतीत मिळते, त्याला काही कारण असते.

पाहणीस उत्तम काळ म्हणजे १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी किंवा प्लास्टिकने शाकारलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली राहणारा भाग डोळ्यांसमोर येतो. विकणाराही अशा वेळी घाईत नसतो. नारळी पौर्णिमा जवळ आली, की घाई घेणाऱ्याला होते आणि पारख मागे पडते.

लाकडी होडीच्या मागे उभे राहून प्रथम तळाच्या कण्याची रेषा पाहावी. कणा मधोमध उचललेला व दोन्ही टोकांना झुकलेला दिसला, तर सांगाडा थकला आहे असे समजावे. ही दुरुस्ती बहुधा परवडत नाही. नंतर पाणरेषेच्या आसपास व फळ्यांच्या सांध्यांवर चाकूचे टोक टोचून पाहावे. चांगला साग किंवा ऐन टोकाला दाद देत नाही, कुजलेल्या लाकडात ते सहज रुतते. लाकडी हातोड्याने ठोकत गेले असता टणक आवाज एकाएकी बद्द झाला, की तेथे खूण करावी. खिळ्याभोवती लाकूड काळे व मऊ झाले असेल, तर खिळा बदलून भागत नाही, फळीच बदलावी लागते. आणि एखाद्याच ठिकाणी ताजा रंग दिसला, तर तेथेच अधिक वेळ थांबावे.

सुकून राहिलेल्या होडीच्या फळ्या आक्रसतात. त्यामुळे पाण्यात उतरविताच ती काही वेळ गळते. हा दोष नव्हे. एक दिवस व एक रात्र पाण्यात राहून फळ्या फुगल्यानंतरही किती बादल्या पाणी उपसावे लागते, ते मोजावे. खरी गळती तीच होय.

फायबरच्या होडीला किडा लागत नाही, म्हणून ती निर्धोक असते, हा समज बरोबर नाही. तिच्या थरांत पाणी शिरले की पृष्ठभागावर फोड येतात आणि ठोकल्यावर पोकळ आवाज होतो. बाहेर टांगायचे इंजिन जेथे बसते, त्या मागच्या फळीच्या आत लाकूड घातलेले असते. बोल्टच्या छिद्रांतून पाणी झिरपून ते कुजते. इंजिन धरून वर-खाली हलवावे. त्याबरोबर फळीही हलली, तर सौदा तेथेच थांबविलेला बरा.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. खरेदीदार येण्यापूर्वीच ते तापवून ठेवले असेल, तर हात लावताच कळते. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो. काळा धूर डिझेल पूर्ण जळत नसल्याचा असतो. बऱ्याच नौकांवर मूळ मालमोटारीसाठी बनलेले इंजिन फेरफार करून बसविलेले असते. त्याचे सुटे भाग सहज मिळतात, हा मोठा फायदा. परंतु ते थंड ठेवणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या मार्गात क्षार साचले असतील, तर धक्क्यालगत दहा मिनिटांच्या फेरीत ते उघडकीस येत नाही. खाडीच्या मुखाबाहेर पूर्ण भारावर किमान तासभर नौका चालवून इंजिन तापते काय, हे पाहावे. बरोबर एखादा जाणता तांडेल न्यावा. त्याचा दिवसाचा मेहनताना ही काही मोठी रक्कम नव्हे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते कागदपत्रांकडे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आले होते. तेव्हापासून नौकांची नोंदणी व तपासणी कडक झाली आहे. नोंदणी प्रमाणपत्रावरील क्रमांक नौकेवर रंगविलेल्या क्रमांकाशी आणि इंजिनाचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या अर्थसाह्यातून संस्थांमार्फत अनेक नौका बांधल्या गेल्या. अशी नौका तारण असेल, तर थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला हाती आल्याशिवाय इसार देऊ नये.

नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या बाबी आहेत. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने निर्बंध घातले, तर एलईडी दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. २०२१ च्या दुरुस्तीने दंडही बराच वाढविण्यात आला. अशा जाळ्यांसह किंवा दिव्यांसह एखादी नौका आकर्षक किमतीत देऊ केली जाते, तेव्हा त्या सामग्रीचा परवाना आपल्याला मिळेल काय, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला आधी विचारावे. नौका मिळाली आणि परवाना नाही, तर ती किनाऱ्यावरच उभी राहणार.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तीत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडी-जाळ्यांच्या बदल्यात नवी घेण्यासाठी साह्याची तरतूद करण्यात आली. जुनी नौका खरेदी करणाऱ्याला मुख्यतः स्वतःच्या गंगाजळीवर व पतीवर विसंबावे लागते. त्यामुळे हाती असलेली सगळी रक्कम किमतीत घालणे धोक्याचे. समजा, चार लाख रुपये जमले आहेत, तर तीन लाखांपर्यंतचीच होडी पाहावी. उरलेल्यातून जाळी, दोरखंड, जीवरक्षक जाकिटे, विमा आणि पहिल्या हंगामात हमखास निघणारी दुरुस्ती भागवायची असते.

गावात खरेदीखत लिहिताना पुष्कळदा ग्रामपंचायत सदस्याला साक्षीला व शिक्षकाला मसुद्याला बोलावतात. त्यांनी नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक, बोजा नसल्याचे विक्रेत्याचे लेखी कथन आणि सोबत मिळणाऱ्या वस्तूंची यादी खतात घ्यावी. जुन्या मालकाच्या नावावरील नोंदणी हस्तांतरित होईपर्यंत किमतीचा काही भाग राखून ठेवण्याची अटही त्यात घालता येते. प्रामाणिक विक्रेता तिला सहसा हरकत घेत नाही.