जुना रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय: आधी शॉकपासून बचाव, मग कमाई



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करून विकण्याचा व्यवसाय पाहिला. पुण्यात या धंद्याला लागणारं बरंच काही हाताशी आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी मर्फी, फिलिप्स, बुश असे सेट अधूनमधून मिळून जातात. वायर, स्विच, आरसीसीबी घ्यायला बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ सालचं. त्या काळातला आजोबांचा रेडिओ पुन्हा वाजावा म्हणून पैसे मोजणारी घरंही आहेत.

भांडवल आणि मार्जिनचं गणित व्हिडिओत झालं. हा लेख फक्त एका विषयावर आहे: शॉक. कारण या धंद्यात एक चूक झाली तर ती सुधारायला दुसरी संधी मिळेलच असं नाही.

धोका नेमका कुठे असतो?

१. चेसिसमध्येच करंट. पूर्वी काही गावांत एसी तर काही गावांत डीसी वीज असे. दोन्हींवर चालावेत म्हणून कंपन्यांनी ट्रान्सफॉर्मर नसलेले 'एसी-डीसी' सेट काढले. त्यांत विजेची एक वायर बहुधा थेट चेसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या पत्र्यात २३० व्होल्ट!

ओळखायचं कसं? व्हॉल्व्हवरचा नंबर वाचा. यूसीएच, यूएल, यूवाय अशी 'यू'ने सुरुवात असेल तर चेसिस लाइव्ह आहे असंच समजा. 'ई'ने सुरुवात असेल (ईसीएच, ईएल) तर बहुधा ट्रान्सफॉर्मर असतो. तरीही खात्री करा. प्लग काढून ठेवा, रेडिओचा स्विच ऑन करा आणि मीटरने प्रत्येक पिन ते चेसिस ओहम मोजा. एखाद्या पिनला रीडिंग शून्याजवळ आलं तर सेट लाइव्ह चेसिसचा आहे. अशा चेसिसला अर्थिंगची वायर कधीही जोडू नका.

२. प्लग काढल्यावरही करंट. वीज बंद केली म्हणजे धोका संपला, असं नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो उतरवायची सवय लावून घेऊ नका. २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांना जोडून कंडेन्सरवर दहा सेकंद धरा. मग मीटरने व्होल्टेज मोजा आणि शून्य दिसल्यावरच हात घाला.

३. पिक्चर ट्यूब. जुन्या रंगीत टीव्हीच्या ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि काच स्वतःच कंडेन्सरसारखी चार्ज धरून ठेवते. माझा स्पष्ट सल्ला: पहिल्या वर्षी टीव्हीचं काम घेऊच नका. घ्यायचंच असेल तर आधी अनुभवी मेकॅनिककडे बसून शिका.

कोणती वस्तू कशापासून वाचवते?

इथेच बहुतेकांची गफलत होते. एक वस्तू आणली की आपण सेफ, असं वाटतं. पण प्रत्येक वस्तूचं काम वेगळं आहे.

- सिरीज बोर्ड (बल्ब): सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि सेट वाचतो. माणूस वाचत नाही. १०० वॅटच्या बल्बमधून ४०० मिलिअँपिअरहून जास्त करंट जाऊ शकतो. जीव जायला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही पुरतो.
- एमसीबी: ही वायरिंगसाठी असते. अंगातून जाणाऱ्या करंटने ती पडत नाही.
- ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी: लाइनमधून अंगावाटे जमिनीत करंट गेला तर सप्लाय तोडते. ही हवीच. पण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचा किंवा कंडेन्सरमधला शॉक तिला कळत नाही.
- आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (२३० ते २३०): लाइव्ह चेसिसच्या कामाला हा पाहिजेच. तरी दोन हातांनी दोन टोकं धरली तर हाही वाचवत नाही.
- डिमरस्टॅट: व्होल्टेज कमी-जास्त करतो, पण आयसोलेशन देत नाही, कारण आत एकच वाइंडिंग असतं.

उरलेलं काम सवयीचं. चालू सेटवर मोजताना मीटरची काळी क्लिप आधीच लावा आणि दुसरा हात खिशात ठेवा. अंगठी, कडं काढून ठेवा. पेठेतल्या जुन्या घरात तळमजल्यावर शहाबादी फरशी असेल तर पावसाळ्यात ती ओल धरते. खाली रबरी मॅट टाका. एकट्याने चालू सेटवर काम करू नका. घरातल्या माणसाला मेन स्विच दाखवून ठेवा: शॉक लागलेल्याला हात लावायचा नाही, आधी मेन बंद, मग १०८ ला फोन.

ग्राहकाचा जीवही तुमच्या हातात

रेडिओ तुमच्या टेबलावर दोन दिवस असतो, ग्राहकाच्या घरी वर्षानुवर्षं. म्हणून देताना तपासा: तडकलेली वायर बदलली का? मागचं कव्हर बसवलं का? नॉबचा स्क्रू बाहेर उघडा तर नाही ना? लाइव्ह चेसिसच्या सेटमध्ये नॉबच्या दांड्यालाही करंट असू शकतो, आणि नॉब फिरवायला सगळ्यात आधी घरातलं लहान मूल धावतं.

हल्ली एक मागणी हमखास येते: "दादा, याला मोबाइल जोडायची पिन टाकून द्या ना." लाइव्ह चेसिसच्या सेटला तशी पिन बसवली तर मोबाइल आणि तो धरणारा हात थेट मेन लाइनला जोडला जातो. इथे ठामपणे नाही म्हणा. ऑर्डर गेली तरी चालेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेमुळे इजा झाली तर सेवा देणाऱ्यावरही जबाबदारी येते. "ग्राहकानेच सांगितलं होतं" एवढ्यावर सुटका होईल, असं धरून चालू नका.

हा खर्च दरात कसा धरायचा?

समजा आरसीसीबी, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, चांगला मीटर आणि मॅट मिळून ९,००० रुपये लागले आणि वर्षात ६० रेडिओ केले. म्हणजे सेटमागे १५० रुपये. हे कोटेशनमध्ये 'सेफ्टी तपासणी' म्हणून वेगळे लिहा आणि रेडिओसोबत तपासणीची सही केलेली चिठ्ठी द्या. स्वस्तात करून देणाऱ्याकडे अशी चिठ्ठी बहुधा नसते. तिथेच तुमचा दर समर्थनीय ठरतो.

गृहपाठ: पहिला रेडिओ विकत घेण्याआधी वरच्या वस्तूंचे भाव तीन दुकानांत विचारून वहीत लिहा. तेवढं भांडवल आज नसेल तर दोन महिने थांबा. रेडिओ साठ-सत्तर वर्षं थांबलाय, अजून दोन महिने थांबेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!