खुंटी, दोरी आणि रिंगण

सज्जनहो, गेल्या आषाढी वारीत एका मुक्कामावर प्रवचन आटोपून मी पाठ टेकतो न टेकतो तोच आमच्या दिंडीतील एक गृहस्थ जवळ येऊन बसले. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला तांब्याचा पत्रा त्यांनी काढला. त्यावर श्रीयंत्र कोरलेले होते. घरी मुलगी कित्येक दिवस आजारी. कोणी विकणाऱ्याने सांगितले, हे पूर्वेच्या भिंतीला लावा, पीडा टळेल. औषधाला म्हणून ठेवलेले पैसे त्यात गेले. "महाराज, हे खरे की खोटे, तेवढे सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे.

मी काय केले म्हणाल, तर पाठशाळेत घोकलेली विद्या बाहेर काढली. वर टोक असलेले ४ त्रिकोण, खाली टोक असलेले ५, त्यांच्या छेदातून होणारे ४३ लहान त्रिकोण, मध्ये बिंदू, भोवती ८ आणि १६ पाकळ्या, हे सारे सांगितले. गृहस्थांनी पायावर डोके ठेवले आणि निघून गेले. विचारले होते ते राहिलेच! ती बोच अजून मनात आहे. म्हणून हा विषय आज मुळापासून घेऊ.

आकृतीचे आपल्याकडील जुने शास्त्र म्हणजे शुल्बसूत्रे. बौधायन, आपस्तंब, कात्यायन ही त्यांतील मोठी नावे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाची वेदी कशी आखावी, हे त्यांत सांगितले आहे आणि साधन काय, तर खुंटी आणि दोरी! कात्यायनाची रीत पाहा. सपाट जागेत शंकु, म्हणजे खुंटी, रोवावी. तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढावे. सकाळी आणि दुपारनंतर खुंटीच्या सावलीचे टोक त्या वर्तुळाला जेथे जेथे शिवेल तेथे खुणा कराव्यात. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. पुढची सगळी आखणी त्या रेषेवर. तेव्हा लक्षात घ्या, आधी खुंटी, मग दोरी, मग आकृती. खुंटी हलली की दोरी कितीही चांगली असो, वर्तुळ बिघडलेच.

याच शास्त्रात तीन अग्नींचे तीन आकार सांगितले आहेत. गार्हपत्य गोल, आहवनीय चौकोनी, दक्षिणाग्नी अर्धवर्तुळाकार. आकार तीन, पण तिन्हींचे क्षेत्रफळ एकच असले पाहिजे, हा दंडक. गोलाला कोपरे नाहीत म्हणून तो उणा नाही, चौकोनाला चार कोपरे आहेत म्हणून तो अधिक नाही. अहो, दिंडीत कोणी उंच, कोणी ठेंगणा, कोणाच्या हाती वीणा, कोणाच्या डोईवर तुळस, पण माप सर्वांचे एक, हे आपण रोज पाहतोच की!

आता यातील अर्थाकडे वळू. ब्राह्मणग्रंथांत गोल गार्हपत्याला हा पृथ्वीलोक म्हटले आहे आणि चौकोनी आहवनीयाला द्युलोक. म्हणजे आपल्याकडे पृथ्वी गोल, स्वर्ग चौकोनी. चीन देशात मात्र नेमके उलट! तेथील जुनी धारणा आकाश गोल आणि पृथ्वी चौकोनी अशी. पेकिंग, ज्याला आज बीजिंग म्हणतात, तेथे स्वर्गाचे मंदिर १४२० साली पूर्ण झाले. १५३० साली तेथे आकाशाच्या पूजेसाठी गोल वेदी बांधली. मध्यभागी एक गोल शिळा, तिच्याभोवती ९ शिळांचे पहिले कडे, मग १८, मग २७, असा क्रम. पृथ्वीच्या पूजेची वेदी वेगळी आणि ती चौकोनी.

येथे कोणी शंका घेईल की, मग खरे कोणाचे? आपले की चिन्यांचे? याचे उत्तर असे की, गोल आकारातच जर स्वर्ग किंवा पृथ्वी भरलेली असती, तर दोन देशांत दोन अर्थ झाले नसते. आकृती हे पात्र आहे. त्यात भाव ओतावा तेव्हा अर्थ येतो. रिकामे भांडे चुलीवर ठेवून भात होत नाही, मग ते तांब्याचे असो की सोन्याचे.

यावर पूर्वपक्षी म्हणेल, "तर मग आकृत्या व्यर्थ म्हणा!" तसेही नव्हे. ज्यांनी त्या निर्माण केल्या त्यांनी त्या कशासाठी वापरल्या, ते पाहा.

जावा बेटावर बोरोबुदुर नावाचा बौद्धांचा प्रचंड स्तूप आहे, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा. खाली ६ चौकोनी मजले, वर ३ गोल. चौकोनी मजल्यांच्या भिंतींवर कथाच कथा कोरलेल्या. यात्रेकरू त्या उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा करीत चढतो. गोल मजल्यांवर कथा संपतात. तेथे जाळीचे ७२ लहान स्तूप आणि मध्ये एक मोठा स्तूप, एवढेच. चालत चालत सांगणे सरते आणि शांती उरते.

फ्रान्स देशात शार्त्र गावच्या मोठ्या चर्चमध्ये फरशीवर तेराव्या शतकाच्या आरंभीचे एक वर्तुळ आहे, सुमारे १३ मीटर रुंद. त्यात वळणावळणांची एकच वाट आहे, अडीचशे मीटरांहून लांब. तिला फाटा नाही, चुकायची भीती नाही. पण गंमत अशी की, कधी मध्य अगदी हाताशी येतो, तर कधी तीच वाट पुन्हा कडेला नेऊन सोडते. जो चालत राहतो तो पोचतो. साधकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल घालतात. दिवसच्या दिवस वाकून कण कण मांडायचा आणि विधी झाला की सगळे पुसून ती वाळू वाहत्या पाण्यात सोडायची! आपल्या आयाबहिणी दारी रांगोळी घालतात, संध्याकाळपर्यंत ती पायांनी पुसते, सकाळी पुन्हा घालतात. कोणी रडत बसते काय?

तात्पर्य, यातली कोणतीही आकृती भिंतीला टांगून आपले काम करीत नाही. ती चालायची असते, घालायची असते, वेळ आली की पुसायची असते. काम आकृतीने करायचे नसते, आपण करायचे असते.

आता आपले रिंगण डोळ्यांपुढे आणा. माळावर मध्यभागी माउलींची पालखी. ती खुंटी. भोवती पताका, विणेकरी, टाळकरी, तुळशीवाल्या माउल्या. मध्ये अश्वाला धावायला वाट. एका अश्वावर स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तेथे माउली बसतात हा आपला भाव. अश्व धावून गेला की टापांखालची माती आपण कपाळी लावतो. घटकाभराने माळ पुन्हा माळ होतो. रेघ कोठेच राहत नाही, कोणी ती विकत घेत नाही, कोणी विकत नाही. पण ज्याच्या मनात खुंटी रोवली गेली, तो घरी शेतात नांगर धरून असला तरी त्या वर्तुळातच असतो. दोरी नामाची.

मी शुल्बसूत्रे तोंडपाठ केली, पण खुंटी आधी हे मला रिंगणात उभे राहिल्यावर कळले. आणि कळूनही त्या रात्री सांगता आले नाही.

तर त्या गृहस्थांना माझे उत्तर असे. दादा, यंत्र खोटे नाही. ते विकताना दिलेली हमी खोटी. पत्रा देव्हाऱ्यात ठेवा, त्यापुढे बसून नाम घ्या, मन एके ठिकाणी येईल. ते त्याचे काम. ताप उतरवणे हे त्याचे काम नव्हे. मुलीला आधी डॉक्टरांकडे न्या. औषधाचे पैसे सरले असतील तर संकोच करू नका, निरोप धाडा. दिंडीतली आपण मंडळी कशासाठी आहोत? वर्तुळातला एक जण वाकला तर शेजारच्याने हात द्यायचा, नाही तर रिंगण मोडते.

रामकृष्णहरि!