दूरचा मार्ग, थोडका प्रवास

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर आहे, हे भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना प्रदेशांचे आकार व अंतरे बिघडतात. त्याऐवजी शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा व या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा उत्तरेकडे चढतो, सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर जातो आणि अलास्कावरून खाली उतरतो, असे दिसून येईल. ही रेषा ज्या वर्तुळाचा भाग आहे त्याचा मध्य व पृथ्वीचा मध्य एकच असतो; अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात. या रेषेने अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. भूपृष्ठावरून याहून जवळचा मार्ग संभवत नाही.

तथापि विमान दोऱ्याच्याच वाटेने जाईल असे नाही. दिल्लीच्या उत्तरेस हिमालय व तिबेटचे पठार आहे. विमानातील हवेचा दाब एकाएकी घटल्यास ते सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत त्वरित उतरवावे लागते. तिबेटवर तसे उतरण्यास जागाच नाही.

याहूनही मोलाचा विचार वाऱ्याचा. सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. एअर इंडियाची दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू झाली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जात असे. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरांचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून, नेण्यात आले. मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा झाला, आणि तरीही प्रवास साडेचौदा तासांत संपला!

हे कसे घडले? समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आहे. ताशी ५० किलोमीटरांचा वारा समोरून आला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८५० उरतो व १३,९०० किलोमीटरांस सोळा तासांहून अधिक काळ लागतो. तेच पाठीमागून १५० चा वारा मिळाला, तर वेग १,०५० होतो व १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत सरतात. इंधनही वाचते.

पृथ्वी खालून फिरत असल्यामुळे हा भेद पडतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते. तसे नसते तर विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटरांचे वादळ अखंड चालले असते. पृथ्वीच्या भ्रमणाचा हात यात आहे, पण तो आडून: उष्ण व शीत कटिबंधांतील तापमानाच्या फरकामुळे हवेचे प्रवाह निर्माण होतात, आणि भ्रमण त्यांना पूर्वेकडे वळविते.

घड्याळाचा हिशेब निराळाच आहे. विमान पहाटे चार वाजता निघून साडेचौदा तासांनी पोहोचले, तर दिल्लीत सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ साडेबारा तास मागे असते. म्हणून तेथे त्याच तारखेचे सकाळचे सहा वाजतात. वेळापत्रकात दोनच तास दिसतात. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना प्रवासी काही काळ आदल्या दिवसात जाऊन येतो.