आमचे रान, आमची सहल
(पेण-रोहे परिसरातील अभयारण्यांचा एक अल्पसा अभ्यास)
— द्वितीय वर्ष, कला शाखा

गेल्या डिसेंबरात आमचे घरचे सारे प्रथमच ‘सहली’ला गेलो. आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी. सहल हा शब्द आमच्या घरात माझ्या शाळेबरोबर आला. त्यापूर्वी आमच्या घरातली माणसे गावाबाहेर पडत ती लग्नाला, मयताला, जत्रेला किंवा दवाखान्यात. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातील मी पहिलीच. तेव्हा सहल कोठे काढावी हे ठरविण्याचा मानही मलाच मिळाला. मी कर्नाळा पक्षी अभयारण्य निवडले. पेणहून पनवेलच्या वाटेवर वीसएक किलोमीटर, एस. टी. थेट फाटकाशी सोडते.

तिकिटाच्या खिडकीपाशी बाबा थबकले. त्यांनी फलकाकडे पाहिले, मग डोंगराकडे पाहिले आणि म्हणाले, “रानान जावाला पन तिकीट?”

खिडकीतला मनुष्य हसला, आम्हीही हसलो. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ज्या माणसाचे बालपण रानातून मोळ्या आणण्यात गेले, त्याने रानात शिरण्यासाठी पैसे का मोजावेत? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले, पाहिले आणि विचारले, ते सहाध्यायी मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे ठेवीत आहे.

उद्यान आणि अभयारण्य

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आपण बाग, उद्यान, अभयारण्य हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. वास्तविक त्यांत मोठा भेद आहे. बाग माणसाने माणसासाठी लावलेली असते. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, ती अशी बाग होय. तिथे आपण यजमान आणि झाडे आपल्या सोयीची. अभयारण्यात हे नाते उलटे होते. तिथे पशुपक्षी यजमान आणि आपण पाहुणे. ‘अभय’ आहे ते त्यांना.

राखीव निसर्गाची ही कल्पना जगात तशी नवीच. अमेरिकेत यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान १८७२ साली झाले. आपल्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान हिमालयाच्या पायथ्याशी १९३६ साली झाले. आज ते जिम कॉर्बेट या नावाने ओळखले जाते. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. या कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य असा फरक केलेला आहे. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास सक्त मनाई आहे आणि लोकांचे जुने हक्क तिथे उरत नाहीत. अभयारण्यात मात्र चौकशी करून काही हक्क पुढे चालू ठेवता येतात, आणि जे लोक आतच राहतात त्यांना आत जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. आपल्या भागात जी दोन संरक्षित वने आहेत, ती दोन्ही अभयारण्येच आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कर्नाळा

कर्नाळा अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. आरंभी ते साडेचार चौरस किलोमीटरांहूनही लहान होते. २००३ साली वाढवून ते सुमारे बारा चौरस किलोमीटर करण्यात आले. म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढेच. तरीही येथे दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. काही बारमाही राहणारे, तर काही हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे. दयाळ, हळद्या, तांबट, कोतवाल हे आपल्या परसातही दिसतात. परंतु श्यामा, स्वर्गीय नर्तक आणि शीळ घालणारा कस्तुर यांना पाहायचे तर दाट सावलीच हवी. येथील दोन पायवाटांना हरियाल आणि मोरटाका अशी नावे आहेत. हरियाल हा हिरवट-पिवळ्या रंगाचा कबुतराच्या कुळातला पक्षी महाराष्ट्राचा राज्यपक्षी होय.

डोंगरावर किल्ला आहे. अंगठ्यासारखा उभा राहिलेला त्याचा सुळका महामार्गावरून कोसभर अंतरावरूनही ओळखू येतो. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव शिरढोण येथून जवळच. सुळक्याच्या कपारींत मधमाश्यांची मोठी पोळी असतात. म्हणून वर गेल्यावर आरडाओरडा, धूर किंवा उग्र अत्तर यांपैकी काहीही बरे नव्हे.

एक गोष्ट मात्र खटकते. मुंबई-गोवा महामार्ग या अभयारण्याच्या पोटातून जातो. पक्षी गाणे गातो ते आपल्या करमणुकीसाठी नव्हे. आपली हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदाराला बोलावण्यासाठी. ट्रकच्या भोंग्यात ती हाक बुडाली, तर त्याचा संसारच अडतो. तेव्हा सहलीला गेलेल्यांनी निदान आपला आवाज त्यात मिसळू नये.

फणसाड

रोहेकरांचे हक्काचे रान म्हणजे फणसाड. मुरूड व रोहे या दोन तालुक्यांत पसरलेले हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र पन्नास चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे कर्नाळ्याच्या कितीतरी पट आहे. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि नवाबी शिकार संपली. शिकारीसाठी राखलेले रान पुढे प्राण्यांच्या अभयासाठी राखले गेले, हा इतिहासाचा एक गंमतीदार न्यायच म्हणावा लागेल.

रोह्याहून केळघर घाटाने मुरूडकडे जाऊ लागले की या रानाची ओळख पटते. आत जाण्याचा नेहमीचा रस्ता सुपेगावावरून आहे. येथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण अशी त्यांची नावे. उन्हाळ्यात सारे रान या गाणांभोवती गोळा होते. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर येथे आहेत. पण कुटुंबासह गेलेल्यांना दिसण्याचा संभव अधिक तो शेकरूचा. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ती जमिनीवर क्वचितच उतरते; एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेत जाते. यामुळे तिला नुसती झाडे असून भागत नाही, झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असाव्या लागतात. मधली चार झाडे तोडली तर माणसाच्या लेखी रान जिथल्या तिथे असते. शेकरूच्या लेखी पूल मोडलेला असतो.

गिधाडांचेही असेच. आमच्या आजीच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडे उतरत. आज आमच्या गावात कोणी सांगूनही मुलांना ते खरे वाटत नाही. गुरांना देण्यात येणारे डायक्लोफेनॅक नावाचे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई व त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण उघडकीस आल्यावर २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात जी थोडी गिधाडे उरली आहेत, ती अशा राखलेल्या रानांच्या आधाराने.

पाहणे ही विद्या आहे

रानात जाऊन पाहायचे काय, असे कोणी विचारील. याला आपल्याच जिल्ह्यातील उत्तर आहे. डॉ. सलीम अली नोकरी नसताना अलिबागजवळ किहीम येथे राहत होते. १९३० साली तेथे त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. नर खोपा अर्धा बांधतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडला तर राहते आणि मग नर तो पुरा करतो; पुढे तोच नर दुसरा खोपा बांधावयास घेतो. हे शोधण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागली नाही. एक विहीर, काही खोपे आणि रोज तासन् तास बसण्याची चिकाटी पुरली.

दुसरे उदाहरण रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. अर्थशास्त्रज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण केंब्रिजमध्ये ते निसर्गविज्ञान शिकले होते आणि तेथे वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक त्यांनी मिळविले होते. संस्कृतचे पंडित आणि झाडांचे जाणकार! आपण कला शाखेचे विद्यार्थी म्हणून झाडे विज्ञानवाल्यांकडे सोडून देतो, ते चुकीचे आहे.

तिसरे उदाहरण माझ्या घरचे. कर्नाळ्याच्या वाटेवर आजी एका झाडापाशी थांबली, सालीवर हात फिरवून म्हणाली, “शेवलान घालतान ती काकरां या झारावरची.” पहिल्या पावसात उगवणाऱ्या शेवळांची भाजी खाजू नये म्हणून त्यात काकडाची फळे घालतात, हे आमच्या भागात घरोघरी ठाऊक आहे. झाड मात्र मी प्रथमच पाहत होते. पुढे ती बोलतच राहिली. ऐन, किंजळ, कुडा, कोशिंब, सावर. पोट बिघडले तर कुड्याची साल, इरल्यासाठी कोणती पाने, चुलीत कोणते लाकूड तडतडते. मी तिकिटाच्या पाठीमागे लिहून घेतले. जागा संपली तेव्हा हातावर लिहिले. आजीला अक्षरओळख नाही. मी वर्गात टिपणे काढते. आजीच्या तोंडून टिपणे काढण्याचा हा पहिला प्रसंग. रोज एका चुलीपाशी बसत असूनही हे मी कधी विचारले नव्हते, याची मला लाज वाटली.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळते. बाबांचा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या शेजारी, उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी लोकांनी जंगल सत्याग्रह केला. सरकारने रान बंद केले होते. चुलीला लाकूड आणि गुरांना चारा मिळेना. अक्कादेवीच्या माळावर गोळीबार झाला आणि आपल्यासारख्याच शेतकरी घरांतली माणसे हुतात्मा झाली. रान आमचे आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. स्वातंत्र्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, २००६ साली, वनहक्कांचा कायदा होऊन कातकरी, ठाकूर आदी वननिवासींचे हक्क कागदावर मान्य झाले. या माणसांच्या नातवंडांना आज रानाच्या दाराशी तिकीट काढावे लागते, हे पाहून मन अस्वस्थ होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चिरनेरला जे रान होते ते चुलीपुरते मागितले गेले. आज महामार्गावरून एका रविवारी येणारी माणसे, त्यांच्या बाटल्या, त्यांचे गाणे लावलेले डबे, यांना मोकळे दार ठेवले तर रान दोन वर्षांत उरणार नाही. दार हवेच. फक्त ते दार पैशाचे नसावे, जबाबदारीचे असावे. माझ्या अल्पमतीने दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. ज्या गावांनी हे रान राखले, त्या गावांतील शाळकरी मुलांना व वृद्धांना वर्षातून एक दिवस विनामूल्य आत नेले जावे. आणि झाडांवरील पाट्यांवर शास्त्रीय नावाबरोबर आजीच्या तोंडचे नावही लिहिले जावे. दुसरे काम आपण विद्यार्थीही हाती घेऊ शकतो. प्रत्येकाने आपल्या गावातील एका वृद्ध माणसाकडून वीस झाडांची नावे आणि उपयोग लिहून आणले, तर पुढील वर्षीच्या अंकाला एक चांगला लेख होईल.

सहलीला जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. जायचे ते पहाटेच्या गाडीने. ऊन चढले की पक्षी गप्प होतात. कपडे मातकट रंगाचे असावेत. डबा घरचा न्यावा आणि रिकामा परत आणावा. वानरांना काही घालू नये. लहान मुलांना एखादेच काम द्यावे, जसे की एका पक्ष्याचा आवाज ओळखणे. म्हणजे ती कंटाळत नाहीत. आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्यावे.

परतताना गाडीत मी हे सारे बाबांना सांगितले. कायदा, शेकरू, चिरनेर, सगळे. त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. ते खिडकीबाहेर पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच विचारले की पुढल्या वेळी फणसाडला जायचे तर गाडी कोठून मिळते.