पावसातली शंखी गोगलगाय आणि मुलांचे हात

आयाबहिणींनो, पाऊस लागला की आपल्या वसई-विरारच्या वस्त्यांत ओल्या भिंतीवर, कचऱ्याच्या ढिगाजवळ, केळीच्या बुंध्याशी मोठ्या तपकिरी शंखाच्या गोगलगायी दिसू लागतात. मुले त्यांची शर्यत लावतात. गेल्या पावसाळ्यात एक चिमुरडी एका हातावर गोगलगाय फिरवत होती आणि मग त्याच हाताने बिस्कीट खात होती. म्हणून आज हा विषय.

ही आफ्रिकन शंखी गोगलगाय. पाण्यातली नव्हे, जमिनीवर राहून हवेत श्वास घेणारी. १८४७ साली बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून आणून कोलकात्याच्या बागेत सोडली. नर-मादी एकाच देहात, आणि एका वेळी शंभराच्या वर अंडी. मग पसरायला काय वेळ? २०२२ मध्ये लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली.

ती चावत नाही, विषारीही नाही. धोका आहे तो उंदराच्या फुफ्फुसातल्या एका जंताचा. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून गोगलगायीच्या पोटात जातात. कच्ची गोगलगाय खाल्ली, बारकी गोगलगाय चिकटलेला पाला न धुता खाल्ला किंवा तिला हाताळलेले बोट तोंडात गेले, तर त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतात. आजार क्वचितच होतो, पण साधारण एक ते तीन आठवड्यांत असह्य डोकेदुखी, उलट्या, ताठ मान, अंगाला मुंग्या असे दिसले तर थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि मूल गोगलगायीशी खेळले होते हे आपणहून सांगा. डॉक्टर पाठीतले पाणी तपासायला सांगतील. ते काढले की माणूस लुळा पडतो, ही भीती मी वॉर्डात कितीदा ऐकली. ती मनातून काढा. तपासणीला नाही म्हणण्यात जास्त धोका आहे.

पालेभाजी, कोथिंबीर एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवा. नुसत्या मिठाच्या पाण्यात बुडवून अळ्या मरतीलच असे नाही. नळाला पाणी किती वेळ असते हे मलाही ठाऊक आहे. तेवढे पाणी नसेल त्या दिवशी पाला कच्चा नको, चांगला शिजवूनच खा.

गोगलगायी संध्याकाळी किंवा पहाटे, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वेचा. घट्ट मिठाच्या पाण्याच्या जुन्या बादलीत टाका, मेल्या की खोल पुरा. मग हात साबणाने धुवा. गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या मात्र लहान मुले आणि कुत्री फिरतात तिथे टाकू नका. आणि रिकामे शंख अंगणात ठेवू नका, पावसाचे पाणी साचून त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.